आंधळी नळी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे भावजी, जन्माला आले तेच कुणावर तरी ओरडत, असं त्यांची आई सांगायची. मी त्यांना ओळखते तेव्हापासून त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला. आयुष्य त्यांनी पत्र्याच्या कारखान्यात काढलं. तिथल्या प्रेस शॉपमध्ये माणसाच्या दुप्पट उंचीची यंत्रं पत्र्यावर आदळायची आणि त्याची झाकणं, पेट्या, दरवाजे घडवायची. एक यंत्र आदळलं की जमीन हलायची, आणि अशी यंत्रं रांगेनं उभी. तिथे प्रेमाचं बोलायचं झालं तरी ओरडूनच बोलावं लागे. भावजी फोरमन झाले तेव्हा कामगारांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं. पाळी सुटल्याचा भोंगा वाजला नाही तरी चालेल, यांनी एक हाक मारली की पुरे.

त्यांचे कान गेले ते एकदम गेले नाहीत. आधी दारावरची बेल गेली, मग किटलीची शिट्टी, मग बायकांचे आवाज. बायकांचं ऐकू येत नाही हा आजार आहे, हे घरात फार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. बहुतेक नवऱ्यांना तो असतोच. ताईला कळलं तेव्हा तिनं सांगून पाहिलं, "अहो, एकदा कान दाखवून या ना." त्यावर त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हा लोकांना तोंड उघडून बोलायला काय होतं?" तेव्हापासून हा विषय बंद झाला.

बहिरेपण लपवायची त्यांची एक पद्धत होती. समोरचा बोलायचा थांबला की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि दोनांपैकी एक शब्द टाकायचा. चेहरा गंभीर असेल तर "हो, हो." हसरा असेल तर "छान, छान." फोनवर चेहरा दिसत नाही, तिथे अंदाजानं काहीतरी. दहातल्या आठ वेळा हे खपून जायचं. लोक तरी कुठे उत्तरासाठी बोलतात?

निवृत्त झाल्यावर त्यांनी ती गाडी आणली. दोन माणसांची, लाल, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्‌स कार. तरुणपणी त्यांनी तसली एक गाडी रस्त्यावरून जाताना ऐकली होती. पाहिली असं ते कधी म्हणायचे नाहीत, ऐकली म्हणायचे. आता एका दातांच्या डॉक्टरनं तसलीच गाडी पुलाच्या कठड्यावर घातली होती, तिचं धूड त्यांनी ओढून घरी आणलं. गॅरेजमध्ये ताईचं शिलाई मशीन होतं. ती पडदे आणि शाळेचे गणवेश शिवून द्यायची. तिथे उजेड चांगला होता आणि कापड पसरायला जागा होती. भावजींनी न विचारता मशीन उचललं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात नेऊन ठेवलं. ताई बाजारातून आली तर तिच्या जागी गाडी.

"मी शिवायचं कुठे?" तिनं विचारलं.

"हो, हो," भावजी म्हणाले.

ती बोळात बसून शिवायला लागली. तिथे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. मी तिला म्हटलं, तू भांडत का नाहीस? ती म्हणाली, "भांडायला समोरच्याला ऐकू यावं लागतं गं."

पत्रा ठोकून, रंग काढून, इंजिन उतरवून आणि परत चढवून भावजींनी गाडी चालू स्थितीत आणली. आणि ज्या दिवशी ती सुरू झाली, त्या दिवशी घरात जो तमाशा झाला त्याला मी साक्षीदार आहे. भावजी आत बसले, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, चांगलं घुमलंही. त्यांनी पाय दाबला, काटा वर चढला. आम्ही बाहेर उभ्या असलेल्या दोघींनी कानांवर हात ठेवले. भावजी मात्र आत बसून काट्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. ते बाहेर आले आणि दार आपटून म्हणाले, "घसा बसलाय हिचा. एक्झॉस्ट चोंदलाय. असा असतो का आवाज? मांजर शिंकतंय नुसतं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं.

तर अशा रीतीनं, दोष कानांत असताना शिक्षा नळ्यांना झाली. एक्झॉस्ट म्हणजे इंजिनातून जळका धूर आणि आवाज मागे नेऊन सोडणारी नळ्यांची माळ. आपण सगळ्याला मिळून सायलेन्सरच म्हणतो. तयार एक्झॉस्ट दुकानात मिळत होता. भावजींना तो नको होता. त्यांना त्यांच्या आठवणीतला आवाज हवा होता, आणि तो दुकानात मिळत नाही.

गाडी चार स्टँडवर चढली. जुने बोल्ट गंजून एकजीव झाले होते. एकेक तुटला की गाडीखालून शिव्या यायच्या, आणि भोंग्याच्या शिव्या म्हणजे समोरच्या घरात राहणारे निवृत्त मास्तर खिडक्या लावून घ्यायचे. जुना एक्झॉस्ट उतरल्यावर भावजींनी पुठ्ठ्याची नळकांडी आणि जाड तार घेऊन नव्याचा सांगाडा केला. इथे इंजिनाचा तळ, इथे फिरणारा दांडा, इथे इंधनाची नळी. या सगळ्यांच्या मधून वाट काढायची आणि कुठेही लागू द्यायचं नाही, कारण नळी तापली की फुगते आणि लांबते. मग स्टेनलेसच्या नळ्या आल्या. जिथे तयार बाक बसेना तिथे त्यांनी नळीच्या तिरक्या चकत्या कापल्या आणि एकीला एक लावून वळण तयार केलं. आधी चार ठिकाणी नुसते टाके मारून धरायचं, गाडीला लावून बघायचं, चुकलं तर टाके तोडून पुन्हा. ताई चहा द्यायला गेली असताना तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "कच्चे टाके घालताय होय." त्यांना ऐकू आलं नाही. पण त्या दिवशी मला ती म्हणाली, "हात चांगला आहे गं त्यांचा. मान्य करायला जिवावर येतं."

हात खरंच चांगला होता. वेल्डिंग करताना नळीच्या आतली हवा काढून तिथे आरगॉन वायू भरावा लागतो, नाहीतर जोड आतून काळा आणि खडबडीत होतो. त्यासाठी नळीची तोंडं बंद करायला त्यांनी ताईच्या स्वयंपाकघरातली सगळी चंदेरी फॉइल नेली, न विचारता. पण जोड असे पडले होते, की नाण्यांची चळत आडवी कलंडावी तशी एकसारखी खवल्यांची ओळ, तिच्यावर सोनेरी आणि निळी झाक. मला त्यातलं काही कळत नाही, तरी मी बोट फिरवून पाहिलं.

सायलेन्सरचा डबाही त्यांनी स्वतःच केला. मधून भोकांची नळी, भोवती न जळणारी काचेची लोकर भरलेली. लोकर जेवढी जास्त तेवढा आवाज कमी, म्हणून त्यांनी ती नावाला घातली.

सुरू केला त्या दिवशी मास्तरांच्या कपाटातली भांडी वाजली. गल्लीतली कुत्री आधी भुंकली आणि मग चिडीचूप झाली. भावजी आत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान की माझ्या लग्नात जेवणाची पंगत उठल्यावरही मी ते पाहिलं नव्हतं. त्यांना तो आवाज ऐकू येत होता. कानांनी थोडा, बाकीचा पाठीनं, दातांनी, पोटानं.

मास्तर फाटकात येऊन उभे राहिले. ते सभ्य गृहस्थ, तक्रारही हसून करणारे. म्हणाले, "अहो, माझ्या घरात आजारी माणूस आहे."

"छान, छान," भावजी म्हणाले.

मास्तर पांढरेफटक पडले. वळले आणि चालायला लागले. त्यांनी या घराशी बोलणं सोडलं. हे सगळं ताईला भोगावं लागलं, कारण भाजी आणायला, पाणी आलं का विचारायला, कुरिअर ठेवून घ्यायला ताईच जाते. ती मास्तरांच्या दारात जाऊन माफी मागून आली. भावजींना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याला माझा हेवा वाटतो."

पुढे तपासणी केंद्रावर गाडी अडकली. तिथल्या अधिकाऱ्यानं मागे आवाज मोजायचं यंत्र धरलं आणि मान हलवली. भावजींनी त्याच्याशी एवढा वाद घातला की बाकीच्या गाडीवाल्यांनी इंजिनं बंद करून ऐकलं. यंत्र बिघडलंय, तू बिघडलायस, हे केंद्रच बिघडलंय. शेवटी घरी येऊन त्यांनी चरफडत डब्यात लोकर ठासली आणि मध्ये आणखी एक डबा घातला. तपासणी पार पडली. मास्तरांची भांडी शांत झाली. पण एक कटकट राहिली, आणि ती गाडीच्या आत. मोठ्या रस्त्यावर एका ठरावीक वेगाला गाडी गेली की आत एक घूं भरायचा. तो मोठा नव्हता. पण माशी कानात न शिरता मेंदूतच जन्मावी तसा होता. ताई एकदाच बसली आणि घरी येऊन डोक्याला पट्टी बांधून झोपली. "त्या डब्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही," ती म्हणाली, आणि एरवीसारखं भिंतीकडे तोंड करून नाही, त्यांच्या तोंडासमोर म्हणाली.

आता इथे माऊबद्दल सांगायला हवं. माऊ ही त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन दुसऱ्या गावी असते, गाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. पूर्वी ती रोज घरी फोन करायची आणि निम्मा वेळ बापाशी वाद घालायची. दोघांचा स्वभाव एक. गेल्या काही महिन्यांत तिनं बापाशी बोलणं बंद केलं होतं. फोन यायचा तो ताईच्या हातात, आणि ताई तो घेऊन मागच्या बोळात जायची. भावजींनी हे पाहिलं होतं. कान गेले तरी डोळे शाबूत होते. त्यांनी ताईला विचारलं, तर ताई म्हणाली, कामात असते. त्यांनी मला विचारलं, तर मला खरंच माहीत नव्हतं.

"लग्न झालं, घर झालं, आता बाप कशाला लागतो?" ते गॅरेजमध्ये नळी घासत मला म्हणाले. "तिला दिवस गेल्याचं तिनं मला सांगितलं, मी किती खूश झालो. त्यानंतर एकदा फोन आला, आणि मग एक शब्द नाही. मी काय वाकडं केलंय तिचं?" मी म्हटलं, तुम्हीच करा की फोन. त्यांना ते ऐकू आलं, पण त्यांनी ऐकू न आल्याचं दाखवलं. मी एवढ्या वर्षांत तो फरक ओळखायला शिकले आहे.

मग त्यांच्या मनानं घेतलं, की गाडी घेऊन तिच्या दारात जायचं. "हॉर्न वाजवीन. बघतो कशी बाहेर येत नाही." पण एकटे गेले तर दार उघडेल याची त्यांना खात्री नव्हती. ताई बरोबर हवी. आणि ताई त्या घूंमध्ये बसणार नव्हती.

तेव्हा घूं मारणं आलं. भावजींनी कुठूनतरी त्याचा उपाय शोधला. मुख्य नळीला बाजूला एक नळी जोडायची, जी कुठेच जात नाही. शेवटी बंद. घूंची लाट त्या आंधळ्या नळीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि नळीची लांबी बरोबर असेल तर परत आलेली लाट आणि नवी लाट एकमेकींना गिळतात. लांबी चुकली तर काही उपयोग नाही. आणि बरोबर लांबी ठरवायची तर घूं गेला की राहिला, हे सांगणारा कान हवा.

त्यांनी नळीत एक दट्ट्या बसवला, मागून सळईनं आतबाहेर सरकवता येईल असा. बंपरखाली आडवं होऊन नट सैल केला की दट्ट्या बोटभर पुढे किंवा मागे. काम सुंदर होतं. ते घेऊन ते ताईसमोर उभे राहिले. मागितलं असं म्हणता येणार नाही, पण आवाज त्यांच्या मानानं खाली होता.

"तू बस नुसती. सांग, गेला की नाही. एवढं कर."

ताई म्हणाली, "बसते."

मला तेव्हा आश्चर्य वाटलं. ती का बसली ते मला नंतर कळलं.

गावाबाहेर गोदामांच्या पलीकडे एक लांब सरळ रस्ता आहे. सकाळी तिथे फारशी वर्दळ नसते. भावजी त्या वेगाला गाडी न्यायचे, ताईकडे वळून बघायचे. ती मान हलवायची: आहे अजून. ते गाडी कडेला घ्यायचे, हातमोजे घालून मागे आडवे व्हायचे, तापल्या नळीशी झटून दट्ट्या सरकवायचे, उठायचे, कपडे झटकायचे, पुन्हा बसायचे. "आता?" आहे. "आता?" आहे. ऊन चढत गेलं. त्यांच्या शर्टाची पाठ धुळीनं मळली. कोपर भाजलं. "आता?" आहे.

पण घूं तर कधीच गेला होता. सुरुवातीच्याच काही फेऱ्यांत केव्हातरी तो असा थांबला की ताईला आपल्या श्वासाचा आवाज आला. आणि ती म्हणाली, आहे. पुढच्या फेरीला तो परत आला, मग कमी झाला, मग पुन्हा गेला. ती प्रत्येक वेळी म्हणाली, आहे. तिला ती गाडी माऊच्या दाराशी जायला नको होती. आणि तिनं मला हेही सांगितलं, की त्यांना पुन्हा पुन्हा धुळीत आडवं होताना बघून तिला बरं वाटत होतं. बोळातल्या दिव्याखाली काढलेली प्रत्येक दुपार ती वसूल करत होती.

भावजींना संशय कसा आला? मी म्हटलं ना, जन्म यंत्रांत गेला होता. कारखान्यात ते प्रेसच्या अंगावर तळवा ठेवून सांगायचे, आतला कुठला भाग ढिला झालाय. एका फेरीला त्यांनी गाडी त्या वेगावर ठेवली आणि एक हात समोरच्या फळीवर टेकवला. मग काचेवर. मग ताईच्या सीटच्या पाठीवर. त्यांनी गाडी थांबवली.

"बंद झालाय," ते म्हणाले.

"नाही," ताई म्हणाली.

"माझा हात सांगतोय बंद झालाय."

"मग हातालाच विचारत जा."

ते बाहेर उतरले. तिच्या बाजूला आले, दार उघडलं आणि भोंगा सुरू झाला. माझ्या कानांची थट्टा करतेस? सकाळपासून मला कुत्र्यासारखं लोळवतेस? लेक तसली, आई तसली, मायलेकींनी मिळून मला वाळीत टाकलंय. मी मेलो की मग बसा दोघी फोनवर. रस्त्यानं जाणारा एक ट्रक हळू झाला, ड्रायव्हरनं मान बाहेर काढली आणि पुन्हा आत घेतली.

ताई गाडीतून उतरली. त्या गाडीतून उतरणं म्हणजे खड्ड्यातून वर येणं. एरवी तिला हात द्यावा लागतो. त्या दिवशी ती एकटी उठली. तिनं त्यांचे दोन्ही दंड धरले आणि त्यांचं तोंड आपल्याकडे फिरवलं. आणि लग्न झाल्यापासून ज्या माणसाला तिनं "अहो" शिवाय हाक मारली नव्हती, त्याला ती म्हणाली:

"तू ऐक आता. माझ्या तोंडाकडे बघ."

ते बघायला लागले. "तू" त्यांना ऐकू आलं की ओठांवर दिसलं, कोण जाणे.

"माऊनं तुला फोन केला होता. दवाखान्यातून. मी बाहेर गेले होते, म्हणून तू उचललास. तिनं तुला सांगितलं, बाबा, बाळ गेलं."

ते बघत राहिले.

"तू काय म्हणालास माहीत आहे? छान, छान म्हणालास. तिनं पुन्हा सांगितलं. तू म्हणालास, वा, फार आनंद झाला. आणि फोन ठेवलास. मी आले तर मला म्हणालास, माऊचा फोन होता, मजेत आहे."

मग म्हणाले, "परत सांग."

तिनं परत सांगितलं. हळू, एकेक शब्द. ओरडून सांगितलेली गोष्ट एकदा निघून जाते. हळू सांगायची तर प्रत्येक शब्द स्वतःलाही ऐकावा लागतो. ताई म्हणते, पहिल्यांदा ती रागानं बोलली आणि दुसऱ्यांदा बोलताना तिनं त्यांचे दंड सोडून दिले.

"कुणाकुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"जावयाला. मला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होते? तुला ऐकू येत नाही हे तुला सांगता येत नव्हतं, मग हे कसं सांगणार?"

"मी इथे सगळ्यांना तिच्या नावानं शिव्या देत फिरलो. तू ऐकत होतीस. ऐकू येत होतं ना तुला? तुला तर येतं ना ऐकू?"

हा राग खरा होता आणि तिला तो पटला. त्यांचा बाकीचा सगळा जन्मभराचा राग ती ऊनपाऊस मानून सोसत आली होती, पण हा तिला लागला.

ते घरी आले. भावजी सरळ गॅरेजमध्ये गेले, गाडी चढवली, दट्ट्याची जागा खूण करून घेतली, सळई कापली आणि आंधळ्या नळीचं टोक कायमचं बंद करायला वेल्डिंगची मशाल घेतली. मशाल एका जागी जास्त वेळ राहिली. पत्रा जळून भोक पडलं. ते त्यांनी भरलं, पुन्हा पडलं, पुन्हा भरलं. त्या सगळ्या एक्झॉस्टवर तेवढाच एक जोड कुरूप आहे, गाठी गाठींचा, एखाद्या नवशिक्यानं केल्यासारखा. पुढे मी विचारलं, हा घासून नीट का करत नाही? म्हणाले, "राहू दे."

जेवायच्या वेळी आत येऊन त्यांनी ताईला विचारलं, "ती कानवाली बाई कुठे बसते?"

कानवाल्या बाईनं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी बरोबर गेले होते. बाहेरून मला दिसत होतं, बाई एकामागून एक आवाज सोडत होती आणि भावजी बटणावर अंगठा ठेवून शिकाऱ्यासारखे सावध बसले होते, आणि अंगठा हलत नव्हता. बाई म्हणाली, फार वर्षांपूर्वी यायला हवं होतं. भावजी तिच्यावर खेकसले, "ते मला माहीत आहे. पुढचं सांगा."

कानांची यंत्रं मिळाली, त्या आठवड्यात तर घरात राहणं कठीण झालं. फ्रिज एवढा का बोंबलतोय? कोण कागद चुरगळतंय? ताईची चप्पल, नळाचं पाणी, वर्तमानपत्राचं पान, सगळ्यावर ते चिडत होते. त्यांना स्वतःचा आवाजही पहिल्यांदाच ऐकू आला. त्यानंतर दोन दिवस ते गप्पच होते.

मग एका सकाळी ते कानांत यंत्रं घालून गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. मी आणि ताई दारात उभ्या होतो. त्या यंत्रांना मोठा आवाज झेपत नाही, ती तो दाबून टाकतात. भावजींना काय ऐकू आलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. ते म्हणाले, "डब्यात खिळे खुळखुळतायत." ज्या आवाजासाठी एवढा जीव काढला, तो त्यांना आता कानांत यंत्र असतानाही मिळत नव्हता आणि नसतानाही, कारण डब्यात लोकर ठासलेली. त्यांनी बोनेटवर मूठ मारली. पत्रा चेपला. तो त्यांनीच ठोकून सरळ केलेला पत्रा होता.

माऊकडे ते दोघं गेले. गाडी सुरळीत गेली. ताईचं डोकं दुखलं नाही. भावजींनी ती गल्लीच्या तोंडाशीच लावली आणि ते पायी गेले. हॉर्न वाजवला नाही. पुढचं मला माऊनंच सांगितलं.

दार जावयानं उघडलं. माऊ आतून आली, बापाला पाहिलं आणि उभी राहिली. भावजी म्हणाले, "मला ऐकू आलं नव्हतं."

"मग तसं म्हणायचं, बाबा."

"म्हणता येत नव्हतं."

"मी दोनदा सांगितलं. मी पलंगावर पडून होते आणि मी दोनदा सांगितलं."

"हो."

ती आईकडे वळली. "आणि तू? तुला माहीत होतं यांना ऐकू येत नाही. मला का नाही सांगितलंस?"

ताई म्हणाली, "तुला वाटलं असतं मी यांची बाजू घेतेय."

"वाटलं असतं. तरी सांगायचं."

बराच वेळ ती दोघांवर रागावत होती. जावई मध्ये पडायला गेला तर त्यालाही बोलणी बसली. चहा झाला, कुणी घेतला नाही. भावजी खुर्चीवर बसून तिच्या तोंडाकडे एकटक बघत होते. एरवी कुणी आवाज चढवला की त्यांचा त्याहून वर चढतो. त्या दिवशी चढला नाही. ती थकून थांबली तेव्हा ते म्हणाले, "मला ते सांग. फोनवर सांगितलंस ते."

"काय?"

"त्या दिवशी काय झालं ते. पहिल्यापासून. तोंड इकडे कर आणि सांग."

माऊ म्हणाली, मला बापाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग तिनं खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली आणि सांगायला लागली. सकाळी पोटात कळ आली तिथपासून. मध्येच भावजी म्हणायचे, "हे नाही कळलं," आणि ती तेवढं परत सांगायची. डॉक्टर काय म्हणाली, कुणाचा हात धरला होता, बाहेर कुठलं तरी लहान मूल रडत होतं ते, सगळं. ती म्हणाली, एवढं सविस्तर मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कारण त्याला ऐकवत नाही, तो मध्येच जवळ घेतो.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "पुढच्या महिन्यात येतो," भावजी म्हणाले.

"मेसेज करून या," ती म्हणाली, आणि आत गेली.

गाडी तिनं अजूनही पाहिलेली नाही. भावजी महिन्याला जातात, ताई कधी बरोबर असते, कधी नसते. ताईशी ते अजून धड बोलत नाहीत. तू मला सांगितलं नाहीस, हे त्यांच्या मनातून जात नाही. तिच्या मनातूनही बरंच काही जात नाही, आणि आता ती ते पोटात ठेवत नाही. परवा मी गेले तर स्वयंपाकघरात दोघांची जुंपली होती, जेवणात मीठ कमी पडलं त्यावरून. ताई ओट्याला टेकून, हात कमरेवर. भावजी समोर. मी दारातूनच म्हटलं, नंतर येते.

"बस," ताई मला म्हणाली. "आमचं व्हायचंय अजून."